सशाची नसबंदी: डॉक्टर शोधण्यापासून टाके भरेपर्यंत सगळं सविस्तर

माझी पहिली ससुली गोदा. पावणेपाच वर्षांची होती, तेव्हा एका रविवारी सकाळी तिच्या ट्रेमधल्या कागदावर लाल डाग दिसला. मला वाटलं बीट असेल, कारण आदल्या दिवशी बीटचा पाला दिला होता आणि पाल्यामुळे सशांची लघवी कधी कधी तांबडी-केशरी होतेच. पंधरा दिवसांनी परत दिसला, या वेळी रक्ताची गुठळी होती. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या, एक्सरेत फुफ्फुसातही ठिपके, आणि महिन्याभरात ती गेली. डॉक्टर म्हणाले, "लहानपणीच गर्भाशय काढलं असतं तर हे झालंच नसतं." तोपर्यंत सशाची नसबंदी करतात हेच मला कोणी सांगितलं नव्हतं. ना जिथून तिला आणलं त्या दुकानदाराने, ना दर वर्षी नखं कापायला नेत होते त्या क्लिनिकने.

नंतर भुरी आली, मग काळू आला, दोघांचीही सर्जरी करून घेतली. या दोन सर्जऱ्यांमध्ये जे शिकले ते सगळं इथे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल: सर्जरी अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि ती डॉक्टर करतात. आपलं काम तिच्या आधी आणि नंतर असतं, आणि ते काम म्हणजे ससा खात राहिला पाहिजे. सशाचं पोट सतत चालू असावं लागतं, ते थांबलं की गॅस धरतो, दुखायला लागतं, दुखतं म्हणून तो खात नाही आणि खात नाही म्हणून पोट अजून बंद पडतं. खालच्या प्रत्येक पायरीला हे डोक्यात ठेवा.

करायची की नाही

मादीची कराच, यात मला अजिबात शंका नाही. गर्भाशयाचा कॅन्सर हा सशांच्या माद्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर आहे, काही जातींवर झालेल्या जुन्या अभ्यासांमध्ये तर चार वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त माद्यांमध्ये तो सापडला होता. तिला कधीही नराजवळ सोडलं नसलं तरी होतो, त्यामुळे "आमची एकटीच असते, तिला काय गरज" हे म्हणणं बरोबर नाही, गोदा आयुष्यभर एकटीच होती. शिवाय खोटं गरोदरपण हा प्रकार असतो, मादी छातीचे केस उपटून घरटं करते, पंधरा-सोळा दिवस चिडचिड करते, जवळ गेलं की गुरगुरते, आणि परत काही दिवसांनी तेच.

नराच्या बाबतीत कॅन्सरची भीती एवढी नसते, तिथे कारण वागणुकीचं असतं. वयात आला की सोफ्यावर, पडद्यावर, तुमच्या पायावर लघवीची पिचकारी मारतो, पायाभोवती गोल गोल फिरतो, दुसऱ्या सशाशी जीव जाईस्तोवर भांडतो. आणि जोडी ठेवायची असेल तर प्रश्नच मिटला, कारण सशिणीचा गरोदरपणाचा काळ फक्त ३० ते ३२ दिवसांचा असतो, तिला कुत्रीसारखी ठरावीक पाळी नसते, नराशी संबंध आल्यावरच अंडी सुटतात, आणि व्यायल्याच्या दिवशीच ती परत गाभण राहू शकते. दोन माद्या म्हणून विकलेल्या जोडीला दोन महिन्यांत सात पिल्लं झाली आणि त्या घरातल्या लोकांना कळेना आता कोणाला द्यायची, हे मी शेजारच्याच सोसायटीत बघितलंय.

धोका आहे का? आहे, लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या प्राण्यांचा मोठा अभ्यास झाला होता, त्यात निरोगी सशांमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारण ०.७ टक्के निघालं, म्हणजे हजारात सात. कुत्रा-मांजरापेक्षा हे जास्तच आहे. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: दगावलेल्या सशांपैकी निम्म्याहून जास्त ससे ऑपरेशन संपल्यावर गेले, टेबलवर नाही. म्हणजे भूल उतरतानाचे आणि नंतरचे तास सगळ्यात नाजूक, आणि त्यातले बरेच तास ससा आपल्या हातात असतो.

वय किती, आणि नर आहे की मादी हे आधी पक्कं करा

नराचे वृषण साधारण १० ते १२ आठवड्यांत खाली उतरतात, त्यानंतर, म्हणजे साडेतीन-चार महिन्यांपासून सर्जरी करता येते. मादीला बहुतेक डॉक्टर पाच-सहा महिने पूर्ण होऊ देतात, मोठ्या जातीची असेल तर अजून थोडं थांबतात. दोन वर्षांच्या आत झालं तर उत्तम, पण ससुली तीन-चार वर्षांची झाली म्हणून हात झटकू नका, तपासण्या नीट आल्या तर त्या वयातही करतात, फक्त पोटात चरबी जास्त असते म्हणून सर्जरी जरा लांबते.

नर की मादी ते डॉक्टरांकडूनच बघून घ्या. लहानपणी दोन्ही सारखंच दिसतं. शेपटीपुढची जागा हलकेच दाबली की नराला गोल नळीसारखं टोक बाहेर येतं आणि मादीला लांबट फट दिसते, पण सवय नसलेल्या माणसाचा अंदाज हमखास चुकतो. आणि नर घाबरला की वृषण आत ओढून घेतो, त्यामुळे "काही दिसत नाही म्हणजे मादी" असंही नसतं. काळू आमच्याकडे काळी म्हणून आला होता.

मादी आधीच नराबरोबर राहत असेल तर सर्जरीआधी गाभण आहे का ते बघायला सांगा. पिल्लं झालेली असतील तर नराला त्याच दिवशी वेगळं करा, पिल्लं आईचं दूध सोडून खायला लागली की मग तिची सर्जरी.

डॉक्टर शोधणं, इथे घाई करू नका

कुत्र्या-मांजरांची रोज दहा ऑपरेशनं करणारा चांगला डॉक्टरही सशाचं करतच असेल असं नाही, यात त्यांचा अपमान नाही, ससा वेगळाच प्राणी आहे. घशाची रचना अशी की श्वासनळीत नळी घालणं अवघड जातं, कातडी इतकी पातळ की केस काढायच्या मशीनने फाटते, मोठं आतडं पोटाच्या कातडीखाली लगेच लागून असतं, आणि मादीचं गर्भाशय दोन वेगळ्या शिंगांचं, दोन तोंडांचं असतं. म्हणून फोन करून सरळ विचारा, संकोच करू नका.

पहिला प्रश्न: महिन्याला किती ससे करता, मादीची सर्जरी किती केल्यात? नराची सर्जरी सोपी असते, त्यामुळे "हो हो ससे करतो" म्हणजे फक्त नरच करतो असंही निघतं.

दुसरा प्रश्न, आणि हा एकच विचारलात तरी बरंच कळेल: सर्जरीआधी किती वेळ उपाशी ठेवायचं? भुरीच्या वेळी मी पहिल्यांदा जिथे फोन केला तिथून उत्तर आलं, "ताई, रात्री आठनंतर काही देऊ नका, पाणी पण नाही." मी म्हटलं, "पण सर, ससा उलटी करत नाही ना?" तर म्हणाले, "सगळ्यांना तोच नियम आहे." मी थँक्यू म्हणून फोन ठेवला आणि दुसरीकडे गेले. कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात ते उलटी होऊन श्वासनळीत जाऊ नये म्हणून. ससा उलटी करूच शकत नाही, त्याला रात्रभर उपाशी ठेवलं तर भूल द्यायच्या आधीच पोट मंदावतं. भूल देण्याच्या जरा आधी तोंडात घास नसावा एवढंच लागतं.

बाकी विचारायचं ते असं, की भूल आयसोफ्ल्युरेनसारख्या गॅसची देणार का, श्वासाकडे आणि हृदयाच्या ठोक्यांकडे सतत कोण बघणार, ऑपरेशन चालू असताना अंग गरम ठेवायची काय सोय आहे, वेदनाशामक किती दिवसांचं देणार (उत्तर "गरज पडत नाही" असं आलं तर तिथे करू नका), टाके कातडीच्या आत घालणार का, कारण बाहेरचे टाके ससा दातांनी काढून टाकतो. आणि रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कोणाला करायचा. नराच्या बाबतीत एक जास्तीचा प्रश्न असतो: सशाच्या जांघेतली वाट आयुष्यभर उघडी असते, तिथून आतडं खाली सरकू नये म्हणून ती बंद करणार का, किंवा वृषणाची पिशवी न उघडता बांधणार का. चांगला डॉक्टर या प्रश्नांना वैतागत नाही, उलट खुश होतो.

पुण्या-मुंबईत सशांचं काम करणारे डॉक्टर मिळतात, लहान गावात अडचण येते हे खरंय. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, तिथल्या सर्जरी विभागात चौकशी केली तर ते करत नसतील तरी कोण करतं हे बहुतेक कळतं. खर्चाचं म्हणाल तर क्लिनिकगणिक खूप फरक पडतो, म्हणून आकडा विचारताना रक्ततपासणी, भूल, औषधं आणि नंतरची एक भेट धरून किती, असं विचारा.

आधीचे दोन-तीन आठवडे

एकदा नुसतं दाखवायला न्या. वजन, दात, छाती तपासून घ्या, रक्ततपासणीत किडनी आणि लिव्हर बघतात, वयस्कर ससा असेल तर ती सोडूच नका. शिंका, नाकातून पाणी, पातळ शी असं काहीही असेल तर तारीख पुढे ढकला.

तारीख शक्यतो थंडीतली घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याकडे सगळ्यात बरा काळ. एप्रिल-मेमध्ये ससा आधीच उन्हाने हैराण असतो, आणि पावसाळ्यात माश्या फार, जखमेवर किंवा ओल्या बुडावर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या पडतात. पावसाळ्यात करायचीच वेळ आली तर त्याला जाळीच्या आत, घरातच ठेवा.

सगळ्यात मोठी तयारी खाण्याची. ससा नुसता पेलेट्सवर (विकत मिळणाऱ्या दाणेदार खाद्यावर) आणि गाजरावर वाढलेला असेल तर आधी त्याला वाळलेल्या गवतावर आणा, टिमोथी ऑनलाइन मिळतं, नाहीतर स्वच्छ जागची फवारणी नसलेली हरळी धुऊन द्या. ज्याचं पोट रोज गवतावर चालतं त्याचं पोट सर्जरीनंतर लवकर सुरू होतं. पण नवीन काही शेवटच्या आठवड्यात सुरू करू नका. त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं ते मात्र लिहून ठेवा, कारण त्या रात्री तेच लागणार आहे. भुरीला कोथिंबिरीच्या काड्या, पानं नाही, काड्या. काळूला पुदिना.

घरात आणून ठेवायचं सामान फार नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा, ससा मावेल असा एक डबा, सुई काढलेल्या १ मिली आणि ५ मिलीच्या सिरिंज, गरम पाण्याची पिशवी, तीन-चार जुने टॉवेल किंवा मऊ सुती साडी. आणि हाताने भरवायची पावडर, ऑक्सबो कंपनीची क्रिटिकल केअर इथे ऑनलाइन मिळते, ती आधीच मागवा, त्या रात्री डिलिव्हरी येत नाही. नसेलच तर त्याचेच रोजचे पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून चालतात. रोज सकाळी एकदा वजन करून कॅलेंडरवर लिहा, आणि रोजच्या लेंड्या किती, केवढ्या असतात ते नीट बघून ठेवा, नाहीतर नंतर "कमी झाल्या का?" याचं उत्तर देता येत नाही.

सर्जरीचा दिवस

सकाळी नेहमीसारखं गवत, पाणी, पाला. डब्यात टॉवेल, गवताची मूठ, आणि त्याचा आवडता पाला वेगळ्या पिशवीत. क्लिनिकमध्ये ही पिशवी देऊन सांगा की शुद्धीवर आला की लगेच समोर ठेवा. वाट बघताना डबा कुत्र्यांपासून लांब ठेवा, वर कापड टाका, भुंकण्याने ससा इतका घाबरतो की त्याचा भुलीवरही परिणाम होतो. जोडीदार असेल तर दोघांना बरोबर न्या, डॉक्टरांना आधी विचारून.

आत होतं ते थोडक्यात असं: झोपेचं आणि दुखण्याचं इंजेक्शन, मग गॅस, डोळ्यात मलम कारण पापण्या मिटत नाहीत. मादीच्या पोटावर मधोमध दोन-तीन बोटं छेद घेऊन गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढतात. नराला छोटे एक-दोन छेद पुरतात.

न्यायला गेलात की लगेच उचलून निघू नका. ससा पूर्ण शुद्धीत बसलाय का, अंग गरम आहे का, काही चावलंय का ते बघा. औषधांची नावं, वेळ, मात्रा लिहून घ्या. आणि एक तपासणी स्वतः करा, ही विसरू नका: तोंडाने द्यायच्या औषधात अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन किंवा लिंकोमायसिन असेल तर तिथेच थांबून विचारा. ही औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि जीव जाऊ शकतो. घरातली माणसांची वेदनेची गोळी तर कधीच नाही. आणि पिसवांसाठी फिप्रोनिलचा स्प्रे कोणी सुचवला तर तोही नाही, सशांना तो विषारी आहे.

पहिली रात्र

भुरीला संध्याकाळी साडेपाचला घरी आणलं. नेहमीचा पिंजरा बंद केला, जिन्याची फळी काढली, जमिनीवर गादीचा तुकडा, वर टॉवेल, कडेला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. ट्रेमधला भुसा किंवा बारीक लिटर काढून टाकलं होतं, ते जखमेला चिकटतं. पिशवी फक्त एका बाजूला ठेवायची म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येतं. कान हाताला गार लागले तर ऊब वाढवायची. दिवा मंद, टीव्ही बंद.

सासूबाई आधीपासून विरोधात होत्या, "मुक्या जिवाच्या पोटाला सुरी कशाला लावायची" म्हणून. पण गोदाचे शेवटचे दिवस त्यांनीही बघितले होते, त्यामुळे त्या रात्री काही न बोलता दर दोन तासांनी पिशवीतलं पाणी त्याच बदलत होत्या.

साडेसातपर्यंत भुरीने काही खाल्लं नाही. नुसती कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. इथे घाबरायचं नाही पण वाटही बघत बसायचं नाही. आधी वास जास्त येणारा पाला नाकाजवळ धरा, कोथिंबीर, पुदिना, बडीशेपेचा पाला, थोडा चुरगाळून. नाही घेतला तर भरवायचं. पावडर कोमट पाण्यात पातळ खिरीसारखी करायची. ससा चारही पायांवर बसलेलाच हवा, बाळासारखं उताणं कधीही धरायचं नाही, श्वासनळीत जातं. टॉवेलात सैल गुंडाळून, पोटाला दाब न देता, पुढच्या दातांच्या मागे बाजूने सिरिंजचं टोक घालून एकेक मिली, चावू द्यायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. एका वेळेला किलोमागे साधारण १० ते १५ मिली, दिवसातून तीन-चारदा, पण तुमच्या सशाला किती ते डॉक्टरांना विचारूनच. पोट फुगून घट्ट झालं असेल तर भरवायचं नाही, थेट डॉक्टर.

भुरीने पहिल्यांदा सहा मिली घेतलं आणि तोंड फिरवलं. दहाला परत आठ. साडेअकराला स्वतःहून कोथिंबिरीची एक काडी ओढली, मधे थांबली, परत चावली, आणि शेवटपर्यंत संपवली. सव्वादोनला टॉवेलवर चार लेंड्या होत्या. नेहमी तिची लेंडी वाटाण्याएवढी असते, या मोहरीपेक्षा थोड्याच मोठ्या, काळ्या, कोरड्या. पण होत्या. मी त्या कागदात घेऊन सासूबाईंना दाखवल्या आणि त्या म्हणाल्या, "हं, आता झोप." सकाळपर्यंत अजून अकरा झाल्या.

मोजायचं हेच असतं. आकार लहान असला तरी चालेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढत जातो. एकही लेंडी नाही आणि खाणंही नाही असे दहा-बारा तास गेले तर ती इमर्जन्सी, सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

वेदनेचं औषध वेळेवर द्या, "आता बरा दिसतोय" म्हणून डोस गाळू नका. ससा दुखणं लपवतो, कारण जंगलात दुखणारा ससा आधी पकडला जातो. दुखतंय हे असं ओळखायचं: कर्रकर्र दात घासणं (लाडात येणारा बारीक आवाज वेगळा, तो हलका असतो), पाठ कमान करून बसणं, पोट जमिनीला दाबणं, कान मागे, बोलावलं तरी मान न वळवणं. असं दिसलं तर औषध पुरत नाहीये, फोन करा.

पुढचे दहा दिवस

नर दुसऱ्या दिवशी बराचसा नेहमीसारखा असतो. काळू तर सकाळी पाणी सांडून बसला होता. वृषणाच्या पिशवीला थोडी सूज येते, काही दिवसांत उतरते आणि कातडी आक्रसत जाते. मादीला तीन-चार दिवस लागतात. तिला सात ते दहा दिवस उड्या मारू द्यायच्या नाहीत, सोफा नाही, जिना नाही, उचलणंही कमीत कमी आणि उचललं तर मागचे पाय आधार देऊनच. आतला भाग भरायला दोन आठवडे तरी लागतात, बाहेरून सुकलेलं दिसलं म्हणून सोडू नका.

जखम दिवसातून दोनदा बघा, दोघं मिळून, एकाने धरायचं आणि एकाने बघायचं. कोरडी, कडा मिटलेल्या, हलकी गुलाबी असेल तर छान. हळद, खोबरेल तेल, घरातलं कुठलंही मलम लावू नका, ससा ते चाटतो आणि चाटता चाटता टाके उसवतो. आंघोळ तर नाहीच.

प्लॅस्टिकची कॉलर शक्यतो टाळा. ससा आपल्या बुडाजवळून मऊ लेंड्या थेट तोंडाने घेऊन खातो, त्या त्याला लागतात, आणि कॉलर घातली की ते बंद होतं, वर त्या भीतीने खाणंही सुटतं. फारच चाटत असेल तर लहान बाळाचा सुती झबला पाय बाहेर काढून घालतात, तो बरा पडतो, पण डॉक्टरांना विचारून आणि लघवीची जागा मोकळी ठेवून.

वजन रोज. दोन-चार दिवस थोडं उतरेल, मग थांबायला हवं. चौथ्या दिवशीही उतरतच असेल तर दाखवा.

लगेच धावायचं ते यासाठी: जखमेतून रक्त थांबत नाही, जखम उघडली, पू किंवा वास आला, जखमेखाली मऊ गोळा वाढतोय, पोट फुगलं, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, अंग गार पडून निपचित झालाय, किंवा मादीला लघवीबरोबर गुठळ्या येताहेत.

जोडी असेल तर

यात लोक सर्वात जास्त चुकतात. नराची सर्जरी झाली म्हणजे तो त्याच दिवशी निर्धोक होत नाही, आधी तयार झालेलं बीज शरीरात राहतं आणि चार ते सहा आठवडे तो मादीला गाभण करू शकतो. मादीची झाली नसेल तर तेवढे दिवस दोघांना वेगळं ठेवा, मी पूर्ण सहा धरले. मध्ये जाळी ठेवायची, दोन बोटं अंतर सोडून दुहेरी, म्हणजे एकमेकांना दिसतात, वास येतो, पण चावता येत नाही. काळूने पहिल्याच आठवड्यात एकेरी जाळीतून भुरीचं नाक फोडलं, म्हणून दुहेरी म्हणते.

वागणूक बदलायलाही तेवढाच वेळ जातो. हार्मोन हळूहळू उतरतात, पिचकारी मारणं, गुरगुरणं महिना-दोन महिन्यांत कमी होतं, पहिल्याच आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून निराश होऊ नका. आधीपासून एकत्र असलेल्या जोडीतला एकच क्लिनिकला जाऊन आला तर त्याला दवाखान्याचा वास येतो आणि दुसरा ओळखत नाही, म्हणून आल्यावर दोघांमध्ये टॉवेल अदलाबदल करा आणि थेट एकत्र सोडू नका.

सहा आठवड्यांनी एकत्र आणायचं ते दोघांच्याही जागेत नाही, तिसऱ्याच ठिकाणी, जिथे कोणाचाच वास नाही. आमच्याकडे बाथरूमच्या बाहेरचा पॅसेज होता. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मध्ये गवताचा मोठा ढीग, हातात जाड टॉवेल. पाठीवर चढणं थोडा वेळ चालू द्या, पण तोंडाकडून चढला तर लगेच बाजूला करा, आणि गोल गोल पाठलाग सुरू झाला तर तिथेच थांबवा. दोघं एकाच ढिगातून खायला लागले की वेळ वाढवत न्यायचा. भुरी-काळूला यात एकोणीस दिवस लागले. विसाव्या दिवशी मी जाळी काढली, तेव्हा दोघं एकाच कोथिंबिरीच्या जुडीवर होते, ती काड्या खात होती, तो पानं.